वॅट पुरे झाले, आता दिव्याचं वय विचारा

घरातल्या दिव्यांपुरती वीज वाचवण्याची लढाई आपण जवळजवळ जिंकलो आहोत. तरीही जाहिराती, उपदेश आणि बहुतेक सरकारी नियम अजून त्याच जुन्या आघाडीवर ठाण मांडून बसले आहेत. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा आज ८-९ वॅटचा एलईडी देतो. एका दिव्यामागे पन्नासेक वॅट सुटले. आता नवाचे सहा केले तर सुटणार तीन. त्या तीन वॅटसाठी चांगला चालणारा बल्ब काढून नवा लावा असं कोणी सांगत असेल, तर तो वीज वाचवत नाही, बल्ब विकतो आहे.

पहिली उडी मोठी होती हे मान्यच केलं पाहिजे. पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतला जेमतेम ५ टक्के भाग उजेडावर खर्च करायचा, बाकी सगळी उष्णता. २००६ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने हिशेब मांडला, तेव्हा जगातली सुमारे १९ टक्के वीज नुसत्या दिव्यांवर जात होती. अशा वेळी वॅट मोजणं, जुने बल्ब बाजारातून हद्दपार करणं बरोबरच होतं. युरोपीय संघाने ते २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने केलं, इतर देशांनी आपापल्या गतीने. पण ते काम झालं. आता दिव्याला विचारायचं ते हे, की बाबा, तू टिकणार किती आणि बिघडलास तर तुला उघडता येईल का? दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला याचं उत्तर शोधता येत नाही. म्हणून हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी विचारला पाहिजे.

बल्बच्या खोक्यावर उत्तर छापलेलं असतं असं कोणी म्हणेल. असतं खरं: २५,००० तास. रोज ३ तास दिवा लावला तर हे २२-२३ वर्षं होतात. घरातला कुठलाही एलईडी बल्ब आठवून बघा आणि या आकड्याशी ताडून बघा. मुळात २५,००० तास म्हणजे दिवसरात्र दिवा जळत ठेवला तरी पावणेतीन वर्षांहून जास्त काळ. नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी तेवढी वाट कोण पाहणार? म्हणून एलईडीचे ठिपके, म्हणजे बल्बमध्ये प्रत्यक्ष उजेड देणारे छोटे भाग, साधारण ६,००० तास जाळतात, तेवढ्या वेळात उजेड किती घटला ते मोजतात आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. हा अंदाज चाचणीच्या तासांच्या सहा पटींपर्यंत ताणायची मुभा असते. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरतात. पद्धत म्हणून यात लबाडी नाही. पण ही सगळी परीक्षा ठिपक्याची आहे. बल्बमध्ये ठिपक्याखेरीज आणखीही बरंच काही असतं, आणि बल्ब सहसा त्या बाकीच्यामुळे जातो.

बंद पडलेला एलईडी बल्ब फेकण्याआधी एकदा उघडून बघण्यासारखा असतो (होल्डरमधून काढून, हे सांगायला नकोच). वरचा दुधी घुमट सिलिकॉनने चिकटवलेला. तो पिळून काढला की खाली एक अॅल्युमिनियमची चकती, आणि तिच्यावर गोलाकार बसवलेले आठ-दहा पिवळे ठिपके. प्रत्येक ठिपका आतून निळा असतो. त्या निळ्या उजेडावर पिवळ्या फॉस्फरचा थर चढवला की बाहेर पांढरा उजेड पडतो. नीट पाहिलं तर एखाद्या ठिपक्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसतो. तेवढाच मेलेला. बाकीचे धडधाकट असतात. पण सगळे एकापुढे एक, एकाच साखळीत जोडलेले असल्यामुळे एक तुटला की सगळे अंधारात. ठिपके शाबूत असतील तर मग मानेत बघायचं. तिथे ड्रायव्हरचं, म्हणजे घरातली वीज ठिपक्यांना झेपेल अशी करून देणारं, सर्किट कोंबलेलं असतं आणि त्यात वीज साठवून एकसारखी ठेवणाऱ्या कपॅसिटरची छोटी नळकांडी. तिचा माथा फुगला असेल तर समजायचं की आतलं द्रव सुकून गेलं. या प्रकारच्या कपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. आणि बल्ब बहुतेक वेळा डोकं खाली, टोपी वर असा टांगलेला असतो. उष्णता वर चढते, म्हणजे थेट मानेत. त्यातून तो बंद काचेच्या दिव्यात बसवला असेल तर विचारायलाच नको. खोक्यावर अगदी बारीक अक्षरात 'बंद दिव्यात वापरू नये' असं लिहिलेलं अनेकदा सापडतं. तेवढं वाचून बल्ब घेणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही.

थोडक्यात, दहातला एक ठिपका किंवा नखाएवढा कपॅसिटर गेला म्हणून अॅल्युमिनियम, प्लास्टिक, तांबं, फॉस्फर, बाकीचे नऊ ठिपके असं सगळंच कचऱ्यात जातं. वीज वाचली हे खरं, पण वस्तू वाचली नाही, आणि वस्तू बनवायलाही वीज लागतेच.

या विषयावर बोलताना फीबस कार्टेलचं नाव हटकून निघतं. १९२४ साली जिनिव्हात बड्या बल्ब कंपन्यांनी आपसात करार केला, बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवलं आणि जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड ठोठावला. ही गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना लोक तिचा अर्धा भाग गाळतात. तारेच्या बल्बमध्ये आयुष्य आणि उजेड यांचं वैर होतं. तार जास्त तापवली की तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो, पण तार लवकर झिजते. कमी तापवली की ती वर्षानुवर्षं टिकते, पण वीज खाते आणि उजेड मात्र मिणमिणता. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळत असलेला प्रसिद्ध बल्ब दाखवून 'पूर्वी बघा कसे टिकाऊ बनवायचे' असं सांगितलं जातं. आज तो ४ वॅटच्या झिरोच्या बल्बाएवढा उजेड देतो हे कोणी सांगत नाही. त्याच्याखाली बसून वाचायचं म्हटलं तर डोळे जातील. म्हणजे कंपन्यांचा हेतू नफ्याचा असला तरी १,००० तासांमागे थोडंफार शास्त्रही होतं.

एलईडीत हे वैर उलटतं, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. एलईडीतून कमी करंट सोडला की तो थंड राहतो, जास्त टिकतो आणि शिवाय प्रत्येक वॅटमागे जास्त उजेड देतो. इथे टिकाऊपणा आणि काटकसर एकाच बाजूला उभे आहेत. ठिपके थोडे जास्त घाला, प्रत्येकाला आरामात चालवा, झालं. पण ठिपके वाढले की खर्च वाढतो. म्हणून बाजारात उलटं घडतं: कमी ठिपके घ्यायचे, प्रत्येकाला रेटायचं, खोक्यावर लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा जुळला म्हणजे काम झालं.

हे मी हवेत बोलत नाही. दुबईच्या नगरपालिकेने २०१६ मध्ये फिलिप्सबरोबर करार करून एक बल्ब बनवून घेतला. प्रत्येक वॅटमागे २०० लुमेन, म्हणजे तेव्हाच्या सर्वसाधारण एलईडी बल्बच्या जवळजवळ दुप्पट. त्यात कुठला नवा शोध नव्हता. एलईडीच्या काड्या जास्त घातल्या आणि त्या कमी करंटवर चालवल्या, एवढंच. सुरुवातीला तो बल्ब दुबईपुरताच विकला जात होता. असा बल्ब बनवणं शक्य आहे हे कंपन्यांना आधीपासून ठाऊक असणारच. मागणारा भेटेपर्यंत तो बनला नाही. बाजारात गिऱ्हाईक वॅट आणि किंमत बघतं, कारण त्याला तेवढंच दिसतं. नगरपालिकेला तसं करावं लागत नाही, तिला अट घालता येते.

सौरदिव्यांकडे वळलं की हाच घोटाळा आणखी उघडा पडतो. पायवाटेच्या कडेला मातीत खोचायचा तो छोटा दिवा घ्या. झाकणावर काडेपेटीएवढं पॅनल, आत १.२ व्होल्टचा एक पेन्सिल सेल, चार पायांची एक इवलीशी चिप आणि एक एलईडी. एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, ते चिप सेलमधून वाढवून देते. अंधार पडला हे ओळखायला वेगळा सेन्सरही नसतो. पॅनलकडून येणारा विजेचा दाब घसरला की चिप समजते, दिवस मावळला. रचना म्हणून ही वस्तू खरोखर सुरेख आहे, आणि कोणा चतुर इंजिनियरने ती इतक्या कमी सुट्या भागांत बसवली याचं मला कौतुक वाटतं.

पण हिशेब करून बघा. ६०० मिलीअँपिअर-तासांचा सेल पूर्ण भरला तर त्यात ०.७२ वॅट-तास वीज मावते. वर्षातला एकही दिवस ढगाळ नाही आणि सेल रोज काठोकाठ भरतो असं धरलं तरी वर्षभराची बेरीज २६३ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटच्या आसपास. घरातला ९ वॅटचा एक बल्ब तेवढ्या विजेवर २९ तास चालेल, बस. वर्ष-दोन वर्षांत सेल दम तोडतो. तो बदलता येतो हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि काही दिव्यांत तो सोल्डर करून आत कायमचा बसवलेला असतो. स्वस्त पॅनलवर काचेऐवजी राळेचा थर असतो. तो उन्हाने पिवळा पडतो, धुरकट होतो, आणि सूर्यावर चालणारी वस्तू सूर्यामुळेच निकामी होते. वास्तविक काचेखाली नीट बसवलेलं पॅनल २५ वर्षं सहज काम करतं. सगळ्यात दीर्घायुषी भाग सगळ्यात अल्पायुषी भागाला कायमचा जखडून टाकायचा, आणि वर 'हरित' म्हणून त्याची जाहिरात करायची, हे मला पटत नाही. जिथे वायर नेणं अवघड आहे तिथे असा दिवा जरूर लावावा. तो सोयीचा आहे. पृथ्वी वाचवण्याच्या खात्यावर तो मांडू नये, एवढंच.

घरच्या उजेडासाठी खरोखर सूर्य वापरायचा असेल तर वेगळे 'सौरदिवे' घ्यायची गरजच नसते. ९ वॅटचे दहा बल्ब रोज पाच तास लावले तर ४५० वॅट-तास लागतात. ऊन बरं असेल तर छतावरचं दीड-दोनशे वॅटचं एक पॅनल एवढं देतं. हेच दहा बल्ब ६० वॅटचे असते तर रोज ३ युनिट लागली असती, म्हणजे सहा-सात पॅनल आणि त्या मानाने अवाढव्य बॅटरी. १९९३ मध्ये शूजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी तयार केला नसता तर सूर्यावर घर उजळण्याची कल्पना श्रीमंती हौस बनून राहिली असती. नाकामुरा, आकासाकी आणि आमानो यांना २०१४ चं नोबेल देताना, ज्यांच्या घरी वीज पोचलेली नाही त्यांना या दिव्यांचा किती उपयोग आहे हे निवड समितीने आवर्जून नमूद केलं होतं. आणि जिथे वीज भरवशाची आहे तिथे बॅटरीचीही निकड नाही. दिवसा पॅनलची वीज सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या जाळ्यात सोडावी, रात्री जाळ्यातून घ्यावी. दिव्यासाठी घरात रसायनांचा डबा भरून ठेवण्यापेक्षा ते बरं.

वीज न पोचलेल्या घरांची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथूनच शिकण्यासारखं काहीतरी मिळतं. केरोसीनच्या चिमणीऐवजी छोटे सौरदिवे विकायला सुरुवात झाली तेव्हा बाजारात रद्दी माल शिरला. चार महिन्यांत बंद पडलेला दिवा ज्याने पदरमोड करून घेतला होता, तो पुढे चांगल्या दिव्यालाही हात लावेना. जागतिक बँक समूहाने २००७ मध्ये आफ्रिकेत सुरू केलेल्या कार्यक्रमातून यावर एक उपाय पुढे आला: दिवे बाजारातून आणून तपासायचे. किती तास चालतो, बॅटरी किती टिकते, आदळला तर काय होतं, आणि मुख्य म्हणजे खोक्यावर छापलेलं खरं आहे का. वॉरंटीही सक्तीची. पुढे ही कसोटी आंतरराष्ट्रीय मानकात आली आणि काही देशांनी आपल्या नियमांत घेतली. जगातल्या सगळ्यात गरीब गिऱ्हाइकाच्या दिव्यासाठी जी तपासणी करता येते, ती तुमच्या-माझ्या बैठकीतल्या बल्बसाठी करता येऊ नये, याचं कारण मला तरी सापडत नाही.

कारणं सांगितली जातात, ती अशी. पहिलं, दिवे महाग होतील. होतील, थोडेसे. पण स्वस्त बल्ब दर दोन-तीन वर्षांनी बदलणारा आणि जरा महाग बल्ब दहा वर्षं वापरणारा यांत जास्त पैसे कोण देतो हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. दुसरं, लोक बल्ब उघडतील आणि शॉक खातील. इथे तर उत्तर आपल्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. जुनी ट्यूबलाइट आठवा. ट्यूब गेली तर ट्यूब बदलायची, स्टार्टर गेला तर स्टार्टर फिरवून काढायचा, चोक गेला तर वायरमनला हाक मारायची. पट्टी मात्र भिंतीवर वीस-वीस वर्षं तशीच. सोल्डरिंग कोणालाच करावं लागत नव्हतं. आजची एलईडीची सडपातळ पट्टी दिसायला देखणी, पण एक कपॅसिटर गेला की भिंतीवरून सगळीच्या सगळी उतरते. छतात बसवायच्या गोल-चौकोनी एलईडीचा ड्रायव्हर वायरीला वेगळा लटकलेला असतो, म्हणजे तो वेगळा ठेवता येतो हे सिद्धच आहे. पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालेल याची खात्री नाही, कारण करंटचे आकडे आणि जोडण्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या. यावर एकसारखी मापं ठरवायला झागा नावाचा उद्योगांचा गट २०१० पासून काम करतो आहे. रस्त्यावरच्या दिव्यांत त्याचा उपयोग झाला, कारण तिथे खरेदीदार मोठा असतो आणि अटी घालतो. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१ पासून नियमच केला, की दिव्यातला प्रकाश देणारा भाग आणि ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, मोडतोड न करता काढता आला पाहिजे. पळवाटा आहेत त्यात, पण दिशा योग्य आहे.

तिसरी हरकत जास्त वजनदार आहे: तंत्रज्ञान झपाट्याने सुधारतंय, मग जुना बल्ब वीस वर्षं जिवंत ठेवून फायदा काय? दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी याला मान डोलावली असती. आज नाही, कारण सुरुवातीलाच मांडलेला तीन वॅटचा हिशेब. पुढच्या सुधारणेतून जे मिळणार ते इतकं थोडं आहे, की तेवढ्यासाठी चालू दिवा फेकणं परवडत नाही.

शिवाय 'सुधारणा' म्हणून काय येतंय तेही बघावं. मोबाइलवरून चालणारा बल्ब बंद असतानाही हुकमाची वाट बघत जागा असतो. त्याला अर्धा वॅट लागतो असं धरलं तर वर्षाची झाली ४.४ युनिट. रोज तासभरच लागणाऱ्या ९ वॅटच्या बल्बला उजेडासाठी वर्षभरात ३.३ युनिट पुरतात. म्हणजे हा दिवा लागून खातो त्यापेक्षा विझून जास्त खातो.

उजेड स्वस्त झाला की माणूस तो उधळतो, हेही यात आलंच. काटकसरी इंजिनांमुळे कोळशाचा खप घटत नाही, वाढतो, असं इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्येच सांगितलं होतं. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे मोजून पाठवलेल्या नोंदींवरून संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय. या वेगाने, जन्मताना ज्याच्या आकाशात २५० तारे दिसत होते त्याला अठराव्या वर्षी १०० दिसतील. याचं सगळं खापर घरच्या दिव्यांवर फोडता येणार नाही. पण कुंपणावरचा सौरदिवा रात्रभर का जळतो असं विचारलं की 'फुकट तर आहे' हे उत्तर ठरलेलं. शेजारच्या खिडकीत जाणारा उजेड फुकट नसतो, दिव्यावर झेपावून मरणाऱ्या किड्यांनाही तो फुकट पडत नाही. फ्रान्सने २०१८ मध्ये नियम करून बाहेरच्या दिव्यांच्या वेळा आणि उजेडाचा रंग यांवर बंधनं आणली. मला ते जाचक वाटत नाही. आणि मंद केलेला एलईडी जास्त टिकतो, हा वरचा फायदा.

या सगळ्यात एक नियम असा आहे, की जो करायला प्रयोगशाळा लागत नाही की समिती नेमावी लागत नाही. खोक्यावर २५,००० तास छापायचे आणि आत २ वर्षांची वॉरंटी द्यायची, ही आजची सर्रास रीत. रोज ३ तासांनी २ वर्षांचे तास होतात २,१९०. स्वतःच छापलेल्या आयुष्याच्या ९ टक्क्यांचीही जबाबदारी विकणारा घ्यायला तयार नाही. तेव्हा वॉरंटीही तासांतच लिहायची आणि ती आयुष्याच्या आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायची, एवढी सक्ती करावी. गिऱ्हाइकाने आपल्या बाजूने बल्ब लावताना त्याच्या मानेवर मार्करने तारीख लिहावी आणि पावती जपून ठेवावी, म्हणजे भांडायला पुरावा राहतो. मग तो २५,००० चा आकडा खोक्यांवरून किती दिवसांत खाली उतरतो, आणि किती कंपन्या तो न उतरवता बल्बच सुधारतात, ते कळेल.